काडेपेटीएवढा पडदा

सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडतं. दात बघून आदत, दुसा, चौसा ठरवतं. मग पाठीवरून हात फिरतो, चार पावलं चालवून पाहिलं जातं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायच्या आधी जाणता माणूस क्षणभर बैलाच्या बरगडीपाशी नुसता उभा राहतो. माझे थोरले चुलते, तात्या, सांगायचे, "तवा तो दम ऐकत असतो. दातावरनं वय कळतं, दम कळतो तो बरगडीपाशीच."

तात्यांचा स्वतःचा सोमवार मात्र घराच्या ओट्यावर जायचा. आणे, नळवणे, गुळुंचवाडी, राजुरी, साकोरी, कुठून कुठून बाजाराला येणारी माणसं येताना गोणपाटात गुंडाळून फवारणीचे पंप घेऊन यायची. पाठीवर अडकवायचे, पेट्रोलवर चालणारे, लहानशा टू-स्ट्रोक इंजिनाचे पंप. "तात्या, पंप बिघडलाय" एवढंच सांगून माणूस बाजारात निघून जायचा आणि कांद्याचं बी, लसूण, बैलाची वेसण घेऊन दुपारी परत यायचा. तात्यांचा अनुभव असा की बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो पंपाच्या आतला पंप. औषध फेकणारा मोठा पंप धडधाकट असतो. त्याला फिरवणाऱ्या इंजिनाला पेट्रोल पाजणारा एक दुसरा पंप असतो, टपाल तिकिटाएवढा, तो आजारी पडलेला असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो तिथे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

तात्या ही विद्या कांद्याच्या वाफ्यात शिकले नव्हते. समुद्राकाठी शिकले होते.

बेल्ह्यापासून समुद्र दीडशे किलोमीटरांहून लांब, मध्ये माळशेजचा घाट. १९७२च्या दुष्काळात आमच्या भागातून जी माणसं बाहेर पडली त्यांत अठरा वर्षांचे तात्या होते. पहिले काही महिने भायखळ्याच्या भाजीबाजारात त्यांनी पाट्या उचलल्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला तिथे कुणी ना कुणी गाववाला भेटतोच. मग कुणाच्या तरी शब्दावर माझगावात, भाऊच्या धक्क्यापासून चालत जायच्या अंतरावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागले. तिथे आउटबोर्ड दुरुस्त व्हायची. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटर: वर इंजिन, मध्ये लांब दांडा, खाली पाण्यात फिरणारा पंखा. कोळी ते अख्खं इंजिन खांद्यावर टाकून यायचे आणि भरतीच्या आत परत मागायचे. शेडमध्ये पाण्याने भरलेलं एक लोखंडी पिंप असायचं. दुरुस्त झालेलं इंजिन त्या पिंपाच्या काठाला अडकवायचं, पंखा पाण्यात बुडवायचा आणि चालू करायचं. ज्या पोराच्या गावातल्या विहिरी त्या साली कोरड्या पडल्या होत्या, तो तिथे दिवसभर पिंपातल्या पाण्याची घुसळण बघत बसायचा. समुद्रावर तात्या फार कमी गेले. त्यांचा समुद्र त्या पिंपात होता.

इंजिनाला पेट्रोलचा पंप लागतोच कशाला, हा माझा लहानपणीचा प्रश्न. घरी दुधाच्या किटल्या अडकवलेली राजदूत होती, शेजारी आकुर्डीला बनलेली चेतक होती. दोन्ही टू-स्ट्रोक, आणि दोन्हींत असला पंप नव्हता. तात्यांनी ओट्यावरच दाखवलं. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये नळी आणि कॉक. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, पाटाचं पाणी उताराने रानात येतं तसं. होडीत ते जमत नाही. टाकी तळाला, माणसांच्या पायांशी ठेवावी लागते आणि इंजिन असतं फळीच्या वर. पाणी खालून वर चढवायचं तर मोट लागते.

पहिल्या आउटबोर्डांनी हा प्रश्न टाकी डोक्यावर घेऊन सोडवला होता. १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने आपलं इंजिन विकायला काढलं: दीड अश्वशक्ती, वजन साधारण अठ्ठावीस किलो. त्याच्याआधीही कुणी कुणी तसली इंजिनं केली होती, पण बाजारात पाय रोवले ते त्याने. त्याची एक गोष्ट सांगतात. पुढे ज्या बेसशी त्याचं लग्न झालं तिच्यासाठी तळ्याच्या पलीकडून तो आइस्क्रीम वल्हवत आणत होता. उन्हात ते वितळलं, आणि होडीला मोटर लावायचं त्याच्या मनाने घेतलं. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल वा नसेल, पण उन्हात वल्हं मारलेल्या माणसाला ती पटते. त्या इंजिनांच्या डोक्यावर लहानशी टाकी असायची. लाटांत डुलणाऱ्या होडीत उभं राहून तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोल ओतायचं म्हणजे काय, ते पेट्रोल सांडल्यावरच कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर टाकी खाली, वेगळी आली आणि पहिला उपाय निघाला तो दाबाचा. टाकीपासून इंजिनापर्यंत एकाला एक चिकटलेल्या दोन नळ्या. एका नळीतून इंजिन आपल्या आतली दाबाची हवा टाकीत भरायचं, दुसरीतून त्या दाबाखालचं पेट्रोल वर यायचं. तसली जुनी इंजिनं तात्यांच्या शेडमध्ये क्वचित यायची आणि तात्यांना ती मुळीच आवडायची नाहीत. टाकीचं झाकण जरा सैल असलं की दाब गेला आणि इंजिन गप्प. दाब टिकला तर त्याहून वाईट, कारण माणसांच्या पायांशी पेट्रोलची भरलेली टाकी फुग्यासारखी ताणून बसलेली आणि कुठे चीर गेली तर पिचकारी. "इस्तवाच्या शेजारी फुगवलेला रॉकेलचा डबा," असं त्यांचं वर्णन होतं. १९६०च्या आसपास ही दोन नळ्यांची पद्धत मागे पडली आणि इंजिनाच्या अंगावरच एक लहानसा पंप बसला. त्या पंपात होता तो पडदा. कारखान्यांच्या भाषेत डायफ्रॅम.

मला यंत्रातलं जे काही सुंदर वाटतं त्यात हा पडदा पहिला आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जुन्या मोटारींत पेट्रोलचा पंप चालवायला कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा असायचा. तो फिरताना पंपाची दांडी हलवायचा. टू-स्ट्रोकला कॅमशाफ्ट नाही, वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत. दट्ट्या वर गेला की त्याच्या खालच्या कोठीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ तयार होते आणि हवा-पेट्रोल आत येतं. दट्ट्या खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे या इंजिनाची खालची कोठी प्रत्येक फेऱ्याला एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. मिनिटाला पाच हजार फेरे असतील तर सेकंदाला ८३ श्वास. कुणीतरी या श्वासाचा उपयोग करायचं ठरवलं. कोठीच्या भिंतीला एक बारीक भोक पाडलं आणि ते एका लहान डबीत नेलं. डबीच्या मधोमध रबर चढवलेल्या कापडाचा पडदा ताणून बसवला. पडद्याच्या एका अंगाला इंजिनाचा श्वास, दुसऱ्या अंगाला पेट्रोल. कोठीने श्वास ओढला की पडदा आत वाकतो आणि पेट्रोल डबीत येतं. सोडला की पडदा बाहेर फुगतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. आलेलं मागे फिरू नये म्हणून दोन पातळ झडपा, एक आत येऊ देणारी, एक बाहेर जाऊ देणारी. संपलं. दांडी नाही, दातेरी चाक नाही, वीज नाही. होडीच्या इंजिनात हा पडदा काडेपेटीएवढा असतो. फवारणीच्या पंपात तो टपाल तिकिटाएवढा, कार्बोरेटरच्याच पोटात बसवलेला, आणि झडपा म्हणजे त्याच पडद्याला कापून काढलेल्या दोन जिभा. इंजिन खाली आणि टाकी त्याच्याही खाली, तरी शेतकरी वाकला, वळला, बांधावरून उडी मारली, पेट्रोल चुकत नाही.

माझगावचं आउटबोर्ड आणि राजुरीच्या मळ्यातला फवारणी पंप यांना सांधणारा धागा हा एवढाच. तात्या बेल्ह्याला परत आले तेव्हा आता काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. भावकीतल्या एकाने बंद पडलेला पंप पुढ्यात टाकला, तात्यांनी चार स्क्रू काढले, आणि आत त्यांना त्यांची मुंबई सापडली.

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. हा पंप इंजिनाच्या श्वासावर चालतो आणि इंजिन या पंपाच्या पेट्रोलवर. मग पहिला श्वास कुणी द्यायचा? त्यासाठी माणसाचा हात लागतो. आउटबोर्डच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो, त्यावर बाण काढलेला. बाण इंजिनाकडे करून फुगा दाबत राहायचा, तो टणक होईपर्यंत. मगच दोरी ओढायची. फवारणी पंपाच्या कार्बोरेटरखाली तसाच बोराएवढा पारदर्शक फुगा असतो. नाडीपरीक्षाही तिथेच होते. होडी वेगात असताना इंजिनाचा दम उखडायला लागला तर कोळी फुगा दाबून बघायचे. दाबल्यावर इंजिन पुन्हा उचललं तर पडदा थकलाय, हात त्याचं काम करतोय. फुगा आपोआप चपटा होत असेल तर वाट टाकीकडे बंद आहे, आणि बहुधा झाकणावरचा हवेचा बारीक स्क्रू उघडायचा राहिलाय. अशाने कितीतरी होड्या खाडीच्या तोंडाशी थांबल्या असतील आणि कितीतरी चांगली इंजिनं उगाच उघडली गेली असतील.

पडदा फाटला तर वेगळी लक्षणं. पेट्रोल श्वासाच्याच भोकातून सरळ कोठीत उतरतं, प्लग ओला होतो, धूर होतो, इंजिन गुदमरतं. पण तात्यांना फाटलेल्या पडद्याची फार काळजी नसायची, कारण तो लगेच बोंब मारतो. त्यांना धास्ती होती ताठरलेल्या पडद्याची. तो कामात थोडा मागे पडतो, एवढंच. इंजिन सावकाश चालवलं तर काहीच कळत नाही. पूर्ण वेगात मात्र पेट्रोल थोडं कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. इंजिन उलट जरा जोरात, हलकं पळाल्यासारखं वाटतं, माणूस खूश होतो, आणि मग दट्ट्या सिलिंडरला धरतो. चार पैशांच्या रबरापायी इंजिन जातं.

पुढे मोठ्या आउटबोर्डांत आणखी हुशार पंप आले. १९८४ साली एका अमेरिकी कंपनीने जॉन्सन आणि एव्हिनरूड या आपल्या इंजिनांत असा पंप आणला की तेल वेगळ्या टाकीतून घेऊन तोच पेट्रोलात मिसळेल, वेग असेल तसं कमी-जास्त. चालायचा तोही इंजिनाच्या श्वासावरच. कल्पना मोठी होती. पण एकाच डबीवर दोन कामं सोपवली की एक चुकल्यावर दुसरंही बुडतं, आणि त्या पंपावरचा विश्वास उडालेल्या अनेकांनी तेलाची नळी बंद करून पुन्हा हातानेच तेल मिसळायला घेतलं. माझंही मत तात्यांच्याच बाजूचं आहे. लिटरला चाळीस मिली, मापाने, स्वतःच्या डोळ्यांसमोर. ज्या मिश्रणावर इंजिनाचा जीव आहे ते माणसाने स्वतः ढवळावं.

अशीच हाताची शिस्त घासलेटलाही लागायची. कोकणातल्या आणि मुंबईच्या लहान होड्यांची बरीचशी आउटबोर्ड घासलेटवर चालायची. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की घासलेटवर घ्यायचं आणि किनारा जवळ आला की पुन्हा पेट्रोलवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिनाच्या पोटात घासलेट राहणार नाही. दमून आलेला माणूस हे विसरायचा. तात्या म्हणायचे की कोणत्या घरचा नाखवा शिस्तीचा आहे ते त्याच्या इंजिनाची पहिली दोरी ओढली की समजतं.

माझीही एक चूक मला अजून बोचते. रांगड्या कांद्याला पंधरा दिवस ढगाळ हवा लागली होती, पातीवर करप्याचे जांभळट डाग दिसत होते, आणि पंप चालू होऊन दहा सेकंदांत बंद पडत होता. तालुक्यातल्या एका दुकानात सांगितलं, अख्खा कार्बोरेटर बदला. पैसे नव्हते म्हणून मी पडद्याचं किट आणलं आणि रात्री कंदिलाशी बसून स्वतः घातलं. तरी तेच. चोक दिला की चालू, दहा सेकंद, बंद. सकाळपर्यंत माझे तळहात सोलले. तात्या चहा पिऊन आले, त्यांनी कार्बोरेटर उतरवला आणि तो व इंजिन यांच्यामधलं कागदी गॅस्केट उचलून उजेडाला धरलं.

"ह्ये बारकं भोक बघ. ह्ये कुठं गेलं व्हतं?"

मी गॅस्केट उलट बसवलं होतं. कोपऱ्यातलं टाचणीच्या माथ्याएवढं भोक दुसऱ्या बाजूला गेलं होतं आणि इंजिनाचा श्वास पडद्यापर्यंत पोचतच नव्हता. नवा पडदा, नव्या झडपा, स्वच्छ जाळी, सगळं बरोबर, आणि मधे आडवा आलेला कागद. तात्या रागावले नाहीत. त्यांनी मला ते भोक बोटाने चाचपायला लावलं, दोनदा. तेव्हापासून काहीही उघडताना मी आधी बघतो की वाटा कुठून कुठे जातात, भाग मग.

गेल्या काही वर्षांत या पडद्यांचं आयुष्य कमी झालंय, हे मी ओट्यावर बसून बघतो आहे. २०२३पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. त्यातल्या इथेनॉलसाठीचा ऊस आपल्याच शेतकऱ्यांचा आहे, त्याला भाव मिळतो, परदेशी तेल कमी लागतं; या धोरणाशी माझं भांडण नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पाणी फार झालं की त्याच्यासह तळाला उतरतं, आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. जिभा वळतात, पडदा ताठरतो. गावात पेट्रोलसोबत हे कुणी सांगितलेलं नाही. पंप विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, औषधांच्या दुकानात पाटी लागायला हवी होती. अडाण्यालाही कळेल अशा चार ओळी पुरल्या असत्या.

टू-स्ट्रोक इंजिन जातंय आणि ते जावं, असंच मला वाटतं. ते पेट्रोलचा मोठा वाटा न जाळताच धुरात सोडून देतं, आणि आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सुटतो, म्हणजे तेलाचा तवंग पाण्यावर. येडगाव किंवा डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर तसला तवंग मला बघायचा नाही. ते पाणी आपण पितो. आमच्याकडे बॅटरीचे पंप आले आहेत आणि बायांनाही ते पाठीवर हलके पडतात. पण अजून कपाटामागे, गोठ्यात, वळचणीला जी हजारो इंजिनं पडून आहेत त्यांतली कित्येक फक्त एका पडद्यासाठी थांबली आहेत. ती भंगारात किलोवर जातात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा आम्ही घरात टीव्हीसमोर बसलो होतो. एनडीआरएफच्या रबरी बोटी गल्ल्यांतून चालल्या होत्या. त्यांची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. छपरांवरची माणसं, म्हशींच्या फक्त शिंगांच्या रेषा, आणि बोटीच्या मागे ते लहानसं इंजिन. सगळे माणसांकडे बघत होते. तात्यांनी डोळे मिटले होते. एका बोटीचं इंजिन वळणावर जरा अडखळलं, आवाज खाली गेला, आणि मी पाहिलं की तात्यांच्या उजव्या हाताची मूठ मांडीवर आपोआप उघडझाप करतेय. ते फुगा दाबत होते. आवाज पुन्हा उचलला तेव्हाच ती मूठ थांबली.

तात्या दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये, शंखजिरं लावून, पडदे ठेवलेले सापडले: होडीचे मोठे, फवारणीचे लहान. होडीचे पडदे बेल्ह्यात कधीच कुणाला लागणार नव्हते, तरी त्यांच्यातलं शंखजिरं ताजं होतं. त्यांनी ते दरवर्षी बदललेलं असणार.

आता सोमवारी ओट्यावर मी बसतो आणि येणाऱ्याला एवढंच सांगतो: कांद्याचा हंगाम संपला की तुमच्या पंपाच्या टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढून घ्या. मग इंजिन चालू करा आणि ते आपणहून बंद पडेपर्यंत, आतला शेवटचा थेंब जळेपर्यंत, हळू चालू ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. तरीही पुढच्या वर्षी इंजिन चालू झालं नाही, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बेल्ह्याला घेऊन या.